ओढ्यावरची हाक

ओकलंड, ता. ११ नोव्हेंबर

प्रिय फाबियानाताई,

तू आणि मुलं बरी असाल. धाकट्या दोघांचा खोकला गेला का? या वर्षी मका कसा आलाय? सर्व संतांच्या सणाला आईच्या थडग्यावर माझ्या वाटणीचीही फुलं वाहिलीस, हे तुझ्या निरोपात ऐकलं आणि बरं वाटलं. मी इथे मजेत आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

पार्सल तुझ्या नावाने न पाठवता शाळेतल्या एल्विराबाईंच्या नावाने का पाठवलं, म्हणून तू चक्रावली असशील. बूट तुझ्या थोरल्या मार्लेनीला आहेत, स्वेटर बाकीच्या मुलांना. पत्र मात्र तुझं एकटीचं. तिथे शाळेतच बसून वाच, घरी नेऊ नकोस. सहावीपर्यंत शिकलीस ते एकदा तरी माझ्या कामाला येऊ दे. फोनवर बोलले असते, पण तुझा फोन वाजला की तुमचं सगळं घर कान देऊन बसतं, आणि तो तुझ्या हातात असतो तरी कधी? सगळ्यांना नमस्कार सांग असं या वेळी लिहीत नाही. कुणाला काही सांगू नकोस.

आधी पायाचं सांगते. इथे आश्रयाचा अर्ज केला म्हणून सरकारने माझ्या घोट्यात एक काळं कडं अडकवलंय. मी कुठे जाते, कुठे बसते, सगळं त्यांना कळतं. ते रोज चार्ज करावं लागतं. तेवढा वेळ मी दावणीला बांधल्यासारखी भिंतीपाशी बसून असते. बरं, ते बोलतंसुद्धा! चार्जिंग संपत आलं की बाईच्या आवाजात ओरडायला लागतं. एकदा चर्चमध्ये पाद्री बोलत असतानाच ओरडलं. माझ्या खोलीत राहणारी कातारिना कानात म्हणाली, "बघ, तुझ्या पायालाही प्रवचनाचा कंटाळा आला." मीही हसले. पण कड्याखालची कातडी पार सोलवटून निघाली होती, आणि ती दाखवायला म्हणून मी पहिल्यांदा इथल्या दवाखान्यात गेले.

खरं तर दाखवण्यासारखं बरंच होतं. डोकं ठणकतं. खाल्लेलं पोटात टिकत नाही. मागून कुणी आलं की हातातली वस्तू खाली पडते. जिथे भांडी घासायला जाते तिथे इतक्या बशा फोडल्या की मालकीण आता मला प्लास्टिकचीच भांडी देते.

डॉक्टरने पायाला मलम दिलं, रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. सगळं साफ निघालं. मी चिडलेच. एवढं दुखतंय आणि साफ कसं? मग त्याने मला गोळ्या न देता नुसत्या बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचं ठरवलं. नंबर लागेपर्यंत अख्खा उन्हाळा सरला. लागला तेव्हा मी म्हटलं, वेड्यांच्या डॉक्टरकडे मी कशाला जाऊ? त्यावर माझी वकीलबाई खवळली. "जानेवारीत तुझी सुनावणी आहे. गावात राहायची भीती वाटली, एवढ्यावर तुला कुणी ठेवून घेणार नाही. कशाची भीती, ते तुला सांगावं लागेल, आणि या डॉक्टरला लिहून द्यावं लागेल. नाहीतर परत पाठवतील."

म्हणून गेले. डॉक्टरीणबाईचं नाव मारिबेल. माझ्याच वयाची असेल. ती स्पॅनिश बोलते, आणि माझं स्पॅनिश बटाटे विकण्यापुरतं. म्हणून आपली भाषा येणारी दुभाषी बोलावली. दार उघडून आत कोण यावं? पलीकडच्या गावची तेक्लामावशी! बाजारात दोरे विकायची ती, तुझ्या नवऱ्याच्या मामाची सून. मला बघून तिचे डोळेच भरून आले. "अगं, फाबियानाची बहीण ना तू? केवढी वाळलीस पोरी!" म्हणत मला मिठीतच घेतलं. मारिबेलने सांगितलं, इथलं बोलणं बाहेर नेणार नाही अशी दुभाष्यांनी शपथ घेतलेली असते. माझी दातखीळ बसली ती बसलीच.

दर मंगळवारी जायचे. मारिबेल विचारायची, गावात काय झालं? मी म्हणायचे, काही नाही, थंडी फार असते. तेक्लामावशी माझ्यासाठी घरून मक्याचे तमाल आणायची. इतक्या प्रेमाने आणायची की नको म्हणवत नसे, आणि एक घासही गिळवत नसे.

एकदा बाहेर निघाल्यावर तिने जिन्यापाशी मला अडवलं. "पोरी, ही बाई बोलून बोलून काय करणार? तुझा जीव घाबरून मागे कुठेतरी राहिलाय. जिथे घाबरलीस तिथूनच हाक मारून आणायला हवा. सांग, कुठे घाबरलीस?"

काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "ओढ्यावर. कुत्रं अंगावर आलं होतं."

तिने त्याच दिवशी तुला फोन लावला. जिन्यातलं बोलणं शपथेत येत नाही, असं तिला मनापासून वाटलं असणार. माझ्या भल्यासाठीच केलं तिने. पण तिथून निघालेली गोष्ट तुझ्या घरी कशी आणि किती लवकर पोचते, ते मला त्या दिवशी कळलं.

ताई, तू माझं जुनं पोलकं घेऊन ओढ्यावर गेलीस. धूप जाळलास, मेणबत्त्या लावल्यास, पोलक्याने जमीन झोडपून मला हाका मारल्यास, आणि ते सगळं रेकॉर्ड करून मला पाठवलंस. मी बसमध्ये बसून ऐकलं. पाण्याचा आवाज, तुझा रडवेला आवाज. आणि मग तो दुसरा आवाज, तुझ्या नवऱ्याचा.

"रोसेंदाऽऽ, चल गं घरी! इथे राहू नकोस! तुझी जागा तशीच ठेवलीय!"

वर तू किती कौतुकाने म्हणालीस, "अगं, अन्सेल्मो आपणहून आला बरं का. गुडघाभर पाण्यात उतरला. सख्खा भाऊसुद्धा एवढं करणार नाही."

मी पुढच्याच स्टॉपवर उतरले आणि एका फळवाल्याच्या दुकानासमोर भडाभडा ओकले. तो धावत पाणी घेऊन आला.

ओढ्यावर काही झालं नव्हतं. साऱ्या गावात हे फक्त दोघांना ठाऊक होतं, मला आणि त्याला. तरी तो पाण्यात उतरला आणि हाका मारत राहिला.

परवाच्या मंगळवारी मी म्हटलं, "मावशी, आज तुम्ही बाहेर बसा." तिचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का गं?" मी म्हटलं, "नाही चुकलं. पण बाहेर बसा." दार लागल्यावर मी मारिबेलला माझ्या बाजारी स्पॅनिशमध्ये सांगितलं, "घर. बहिणीचं घर. मागे मका ठेवतात, तिथे." तिने हातातलं पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "कोण?" मी नाही म्हणून मान हलवली. नाव सांगितलं की ती लिहिणार, वकीलबाई ते कोर्टात वाचणार, आणि कधीतरी कुणाच्या तरी तोंडून ते तुझ्या अंगणात येऊन पडणार. त्याआधी ते तुला माझ्याकडून कळायला हवं.

मला पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. गप्प राहिले तर परत पाठवतील, आणि परत आले तर राहायला मला जागा कुठली? तुझंच घर. बोलले तर ते घर मोडेल. तू त्याच्या छपराखाली, त्याच्या जमिनीवर, चार पोरांना घेऊन बसलीस. जाशील कुठे? कितीही विचार केला तरी मला यातून वाट दिसत नाही.

आई गेल्यावर तू मला तुझ्याकडे नेलंस. गुरुवारी तू बाजाराला जायचीस. तू गेलीस की तो मला मका काढायला मागच्या कोठारात पाठवायचा आणि मागून यायचा. पहिल्यांदा मी चौदा वर्षांची होते. मी पळून जाईपर्यंत ते चाललं. पुढचं लिहीत नाही, तू बाईमाणूस आहेस. संध्याकाळी परत आलीस की तू म्हणायचीस, "तुझं डोकं बरं दर गुरुवारीच दुखतं गं, कामचुकार!" मी तुझ्यावर कधी रागावले नाही. नाही, खोटं लिहिलं. रागावले. फार रागावले. तुला दिसत कसं नाही, याचाच राग राग केला, आणि न सांगता निघून आले.

तू हे खोटं म्हणशील, याची मला त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटते. म्हणालीस तर मी काय करणार? पण जमलं तर कधी घरात एकटी असताना कोठारात जा आणि मला हाक मार. धूप नको, मेणबत्ती नको. नुसतं नाव घे, तुझ्या आवाजात.

आणि ते नाही जमलं तरी एवढं कर. माझ्यावर विश्वास नसला तरी कर. गुरुवारी मार्लेनीला तुझ्याबरोबर बाजारात ने. शाळा बुडली तरी बुडू दे, ती रडली तरी ने. येत्या उन्हाळ्यात ती चौदाची होईल, ताई.

अजून तुझ्या कोठारातच असलेली,
तुझी धाकटी
रोसेंदा