गौरी माझ्याकडे येत नाही

३ फेब्रु., मुंबई
शेवटचा सीन झाला. चार घरं, एक शहर, सगळ्यांची आयुष्यं एकमेकांत अडकलेली, अशी आमची मालिका. त्यातली माझी रेवती आज मुलीला घेऊन शहर सोडून गेली. म्हणजे मला काढलं. मेकअपवाल्या ताई रडल्या. मी नाही.
आता गौरीला, माझ्या लेकीला, आणायचं. दीड वर्षाची होती, नवरा सोडून गेला, तेव्हा दादा-वहिनीकडे ठेवली. सहा महिने म्हणाले होते. चार वर्षं झाली.

५ फेब्रु., घाटनांदूर
दुपारी पोचले. गौरी कुसुमवहिनीच्या पदरामागं. मी हात पुढे केले.
"तुझी पोरगी कुठंय?" गौरीनं विचारलं.
"तूच की."
"मी न्हाई. ती टीव्हीतली."
वहिनी ओशाळली. "असं बोलू न्हाई बाळा, आई हाय तुझी." गौरी पळाली, दादाच्या मेंढरांत जाऊन बसली.

६ फेब्रु.
वहिनीला आई म्हणते. मला काहीच म्हणत नाही. "म्या शिकिवलं न्हाई ताई, देवाशपथ," वहिनी म्हणाली. खरंच नसेल शिकवलं. तिला मूलबाळ नाही, पण लबाडी तिच्यात कधीच नव्हती.
दादा सांगत होता, मालिका लागली की सगळी बसायची. मी त्यातल्या मुलीला जवळ घेतलं की गौरी उठून बाहेर.
"मला का नाही सांगितलं?"
"तुझं चांगलं चाललं व्हतं. काय सांगावं?"

७ फेब्रु.
वेणी घालायला बसवलं. ओढली गेली, रडली. वहिनीकडे गेली. त्या मुलीच्या वेण्या मी रोज घालायचे, कॅमेऱ्यासमोर. कधी रडली नाही ती.

९ फेब्रु.
गौरीला नेते म्हणून सांगितलं. वहिनीनं तिचे फ्रॉक धुतले, घड्या घालून पिशवीत भरले. मग गोठ्याकडे गेली ती बराच वेळ आली नाही. दादा तेवढं म्हणाला, "ने. तुझीच हाय. पण कुसुमकडं बघवत न्हाई."
भांडली असती तर बरं झालं असतं.

१० फेब्रु.
फोन. प्रेक्षक विचारतायत, रेवतीला परत आणतोय, सोमवारपासून या. रोज बारा-तेरा तास. इथं यायच्या आधी हाच फोन आला असता तर नाचले असते का? कदाचित. खोटं कशाला लिहू.
गौरीला दिवसभर कोण बघणार तिथं? वहिनीला 'तू पण चल' म्हटलं. "आन् ह्यांना कोन? मेंढरं?" बरोबरच आहे.
उद्यापर्यंत कळवते म्हणाले.

११ फेब्रु.
सकाळी गौरी आपणहून जवळ येऊन बसली. पहिल्यांदाच. जरा अंतर ठेवून. माझ्या बांगडीला बोट लावलं. मी हललेसुद्धा नाही.
"मुंबईला मी आले तर तू घरी असणार का टीव्हीत?"
चुलीपुढं वहिनीचे भाकरी थापणारे हात थांबले. दादा दारातून बाहेर निघाला होता, तोही थांबला.
गौरी माझ्याकडे बघत होती. अजून बघतेय. मुंबईला कळवायचा फोन मी केलेला नाही.