मोदकावरून फुटलेली वसाहत

बिशान, सिंगापूर
२३ सप्टेंबर २००७

आदरणीय शांताताईस,
सप्रेम जय भीम. आम्ही खुशाल आहोत. नाही, खोटं कशाला लिहू?

इथल्या सेरंगून भागातल्या आपल्या वंदनेच्या मंडळींशी माझं फाटलं, ते तुला ठाऊकच आहे. वंदना तोंडानं म्हणायची सोडून सीडी लावतात! म्हणून मी आमच्या फ्लॅटमध्ये वेगळी वंदना सुरू केली. चार घरं यायची. त्यातला प्रबोध ऑफिसातल्या मित्राच्या गणपतीला जाऊन मोदक खाऊन आला, वर त्याचं रसभरीत वर्णन! बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस! मी त्याला पुन्हा येऊ नकोस म्हणून सांगितलं. तर आपली प्रियदर्शिनी सगळ्यांसमोर उठली, आपणही मैत्रिणीकडं दोन खाल्ले म्हणाली आणि चालती झाली. आज ती वंदनेला प्रबोधकडं गेली. शाळेत अमेरिकेतल्या पहिल्या वसाहती शिकतेय, त्यावरून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत मला म्हणते, पप्पा सेम लाइक देम, लाह! म्हणजे मीही त्या लोकांसारखाच!

तू इतिहासाची मास्तरीण. तिला दोन शब्द लिही. पोरगी माझ्याशिवाय त्रिशरण म्हणते, हे सोसवत नाही गं.

तुझा,
धम्मानंद

नागपूर
४ ऑक्टोबर २००७

चि. धम्मानंद यास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तिला काय लिहू? तिचा धडा पक्का आहे, कच्चा तुझाच. इंग्लंडच्या राजाचं चर्च पटेना म्हणून ती माणसं जहाजं भरून अमेरिकेला गेली. आपल्या मताप्रमाणं प्रार्थना करायला वसाहत उभारली. छान केलं. मग त्यांच्यातलाच एक पाद्री वेगळं बोलू लागला, तर त्याला भर थंडीत हाकललं! त्यानं पुढं जाऊन दुसरी वसाहत काढली आणि ठरवलं, ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी.

आता तूच सांग, यातला तू कोण? आणि प्रतिज्ञा गणपतीला देव न मानण्याची आहे, शहाण्या. मोदकाचं नाव तीत मला तरी सापडलं नाही. मुकाट्यानं प्रबोधकडं जा.

रागावलास तरी आमच्यावरची माया आटवू नकोस.
तुझी ताई

बिशान
१४ ऑक्टोबर २००७

आदरणीय ताईस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस धुमसत होतो. आज गेलो. प्रबोधनं दार उघडलं, मी त्याची माफी मागितली. तो लगेच चहाचं विचारायला लागला, भला माणूस. आत पोरगी सतरंजीवर बसली होती. मला बसता येईल का, असं मी दारातूनच तिला विचारलं. ती म्हणाली की इथं कुणी कुणाला विचारायचं नसतं. आणि सरकून तिनं जागा केली.

बुद्धं सरणं म्हणायला तोंड उघडलं, तर माझा आवाजच फुटेना. तिनं माझा हात धरला आणि माझ्या वाटचंही म्हटलं.

चेष्टा कर हवी तेवढी, पण लोभ राहू दे.
तुझा,
धम्मानंद