माळावरचं अंडं

चाकण,
८ ऑगस्ट १९८०

प्रिय किसन,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आबांना वाचून दाखवलं. नेहमीसारखं त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि पोरगं पोटभर जेवतं का, ते लिहिलंय का, म्हणून विचारत राहिले. तू लिहिलं नव्हतंस, मीच आपलं पदरचं वाचलं. वनरक्षक झालास, पण पत्र अजून शाळेतल्या निबंधासारखंच आखडतं लिहितोस.

इकडं मन थाऱ्यावर नाही रे. त्या अंड्याबद्दल मी तुला हौसेनं कळवलं, सगळं तिथूनच सुरू झालं. सात वर्षांनी माळढोकाची जोडी आपल्या माळावर उतरली, मादीनं उघड्या जमिनीवर एकच अंडं घातलं आणि मला आईची फार आठवण आली. आई काय करायची ते आठवतं ना? अंड्यापासून तीस पावलं लांब, चारी अंगांना चुना फासलेले दगड ठेवायची. मेंढरंवाले ते ओळखून वळून जायचे. यंदा मीही तसेच चार दगड ठेवले. चुन्यानं हात भाजले, पण बरं वाटलं.

तिथंच माझं चुकलं. आईच्या वेळी तो दगड म्हणजे पाखराची राखण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आता कारखान्यांसाठी जमिनी मोजतात, आणि मोजणीवाले तसेच पांढरे दगड रोवून जातात. यशवंतरावांच्या गड्यानं आपले दगड पाहिले आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की वनखात्यानं माळ आखून घेतला. तुमच्या सोलापूरकडच्या अभयारण्याच्या गोष्टी इथं तिखटमीठ लावून पोचल्यात. पाखराची नोंद झाली की जमीन विकता येत नाही, विहीर पाडता येत नाही, असं जो तो सांगतो. यशवंतरावांचा माळ आपल्याला लागून, आणि भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्याशी त्यांचं बोलणं पक्कं झालेलं. दगड माझे आहेत, असं मी घसा कोरडा करून सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

तेव्हापासून विहिरीवर मी गेले की बायका अर्धी घागर घेऊन निघतात. सोमवारी सकाळी आपल्या दारात पिसं पडली होती. नराची, मुळाशी रक्त वाळलेली. त्या दिवसापासून पहाटेचा त्याचा घुमणारा आवाज बंद झालाय. मी ती पिसं उकिरड्यात पुरली आणि आबांना काही बोलले नाही. मला भीती वाटते, किसन. दिवसाउजेडीही वाटते.

बुधवारी आबांनी यशवंतरावांचाच ट्रॅक्टर मागून आणला आणि माळ नांगरून टाकला. मी आडवी गेले. आबा ओरडले असते तर मीही भांडले असते, पण ते शांत होते. म्हणाले, "कस्तुरे, ढोक मला नको व्हता व्हय? तुझ्या आईपरीस मीच जास्त राखला. पर सातबारा माझ्या नावाचा हाय. वर्कशॉपवाला माळाच्या बदल्यात किसनला पर्मनंट करतो म्हनलाय. पोरगं घरी येतंय, आन् मी पाखरू राखत बसू?" तुला घरी आणण्यासाठी त्यांनी हे केलं. मला त्यांचा संताप येतो, आणि रात्री त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यांना तेलही मीच चोळते. अंडं नांगराच्या कुठल्या तासात गेलं ते कळलंही नाही. मादी अजून ढेकळांतून फिरते, थांबते, पुन्हा फिरते. मी तिकडं बघायचं टाळते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी मी आबांना वाचून दाखवल्या नाहीत. येत्या गुरुवारी अंड्याची नोंद करायला तू साहेबांबरोबर जीपनं येतोयस, हे किती आनंदानं लिहिलंस! साहेब येणार ही खबर तलाठ्याच्या कचेरीतून गावाला लागली आहे. सोबत तू आहेस, हे कुणालाच माहीत नाही. ओढ्याच्या उतारावर जीप हळू होते, तिथं झुडपांत लोखंडी सळया आणून ठेवल्यात. तार केली असती, पण तार घेतो तो यशवंतरावांचा भाचा. म्हणून हे पत्र मी स्वतः आळंदीला जाऊन पेटीत टाकणार आहे. साहेबांना सांग, बहीण खोटं बोलली, तिथं पाखरू कधी नव्हतंच. मला खुशाल खोटारडी ठरव, पण येऊ नकोस. आबांना खरं सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. पण ढोकाची बातमी याच घरातून, तुझ्याच हातून सरकारात गेली हे कळलं, तर ते पुन्हा तुझं नाव घेणार नाहीत. पत्र वेळेत पोचलं नाही, तर गुरुवारी मीच उतारावर जाऊन उभी राहीन. जीपवर पहिला घाव घालायचा मान गावानं आबांना दिलाय, माळ त्यांचा म्हणून.

तुझीच,
कस्तुराताई