तुमच्या बाजूचा पासवर्ड

अप्पा, मागच्या खोलीतला कम्प्युटर अजून चालतो. तुम्ही आणि मी मिळून जोडलेला, तोच. डाव्या झाकणाचे दोन स्क्रू तेव्हाही सापडले नव्हते, आताही नाहीत. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. मधे मी एकदा पंखा बदलला, रॅम वाढवली, बाकी सगळं तुमच्या हातचं आहे. सुरू केला की काळ्या पडद्यावर अजून त्या दोन ओळी येतात, वरची माझी लिनक्सची आणि खालची तुमची विंडोजची. दहा सेकंदांत कुणी काही दाबलं नाही तर तो आपोआप माझ्या बाजूला येतो. तुमच्या ओळीवर मी या नऊ वर्षांत गेले नव्हते. हे मी पुस्तकी मराठीत लिहितेय याचं तुम्हाला हसू येईल. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहून घरात आपण जे मराठी बोलतो ते पुण्याच्या ऑफिसातल्या माझ्या सहकारी बाईंना बखरीतलं वाटतं, एकदा फोनवर तोंडातून 'झालं'च्या जागी 'जालं' निघालं तर त्या मनसोक्त हसल्या. पण ही अक्षरं तुम्हीच मला शिकवलीत, शाळेचा तमिळ गृहपाठ संपल्यावर ओसरीवर बसवून. अम्माला ती येत नाहीत, ती आपलं मराठी तमिळ अक्षरांत लिहिते. तेव्हा हा कागद टेबलावर उघडा राहिला तरी ती वाचणार नाही, आणि आज मला तेच हवं आहे.

दोन महिन्यांपूर्वी नेटवर्क जायला लागलं. सकाळी मी तिरुभुवनमला जाते, तुम्ही जायचात त्याच विणकरांच्या सोसायटीचे कम्प्युटर बघायला, आणि दुपारपासून घरून पुण्याचं काम करते. मागच्या खोलीत वायफाय नीट पोचत नाही म्हणून तुम्ही भिंतीतून ओढलेली वायरच मी वापरते. तर दुपारी येऊन मशीन सुरू करावं आणि मागच्या सॉकेटचे दोन्ही दिवे मेलेले असावेत, हिरवाही नाही, पिवळाही नाही. वायर लावलेली असताना कम्प्युटर म्हणतो, वायर लावलेली नाही. वायर बदलली, तेच. तीच वायर लॅपटॉपला लावली, लॅपटॉप झकास चालला, म्हणजे वायर आणि राउटर दोन्ही निर्दोष. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. दुसऱ्या दिवशी सगळं आपोआप ठीक, मी स्वतःची पाठ थोपटून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा अंधार. गंमत म्हणजे ज्या दिवशी सकाळी करंट जाऊन यायचा त्या दिवशी दिवे हमखास लागायचे. मी साप सोडून भुई धोपटत होते, पण तेव्हा ते कळत नव्हतं.

तुमची शिस्त मी सोडली नव्हती बरं का. आपल्या दुकानात तुमच्या हाताखाली शिकत असताना तिरुवलंचुळीच्या त्या गिऱ्हाइकाच्या घरी मी न बघताच 'कार्ड गेलं' असं सांगून टाकलं होतं, आणि तुम्ही वाकून सॉकेटमधून अर्धी निसटलेली पिन आत ढकललीत. मला गिऱ्हाइकासमोर एक शब्द बोलला नाहीत. परत येताना स्कूटरवरही नाही. घरी येऊन कॉफीचा टंबलर हातात घेतलात आणि मग म्हणालात, "येका वेळेस येकच बदल गे. आणि लिहून ठेव. न बघतां बोलूं नको." मी तेव्हा रडले होते. आता या दोन महिन्यांची वही माझ्याकडे आहे, तारीख, काय बदललं, दिवे लागले की नाही. पण त्या वहीत मी एक गोष्ट लिहिली नव्हती. दिवे मेलेले असायचे त्या दिवशी खुर्ची पुढे ओढलेली असायची. कम्प्युटरचा पडदा थोडा खाली झुकवलेला असायचा, तुम्ही झुकवायचात तसा. अम्माला विचारलं तर म्हणाली, मी त्या खोलीत कशाला जाते? तिनं ताकाला तूर लागू दिली नाही. मग मी एकटी असताना त्या मेलेल्या दिव्यांकडे बघून "अप्पा, पुरे आता" असं म्हणायला लागले. चाळीस वर्षांची बाई मी, दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनी दुरुस्त करते, आणि ते अगदी गंभीरपणे म्हणायचे.

शेवटी पुण्याच्या बाईंनी विचारलं, त्याच मशीनवर दुसरी सिस्टिम आहे का? ती बंद होताना नेटवर्कचं कार्ड झोपवून जाते, म्हणाल्या, आणि तुमच्या लिनक्सला ते उठवता येत नाही. कम्प्युटर बंद दिसला तरी कार्ड तसंच झोपलेलं राहतं. भिंतीतली विजेची पिन काढा, अर्धा मिनिट थांबा, उठेल. मी पिन काढली, तीसपर्यंत मोजलं, लावली. हिरवा दिवा लागला. करंट गेल्याचं कोडंही सुटलं. पण मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं की ती बाजू नऊ वर्षांत कुणी उघडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिरुभुवनमहून अर्ध्या कामातून परत आले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत तुमच्या खुर्चीत अम्मा बसलेली, पुढे पडद्यावर तुमचा फोटो, दुकानातला, तोंडात स्क्रूड्रायव्हर धरलेला, आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट.

"काय करतीस अम्मा?"

"सुम्मा बसलें," ती म्हणाली. उगीच बसले, असं. मग माझं तोंड बघून म्हणाली, "तू पुसणार म्हणालीस नव्हे? पुसायच्या आधीं येकदां आंत बघावं म्हटलं."

तेव्हा मला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी जेवताना मी म्हणाले होते की डिस्क भरली, सवड मिळाली की अप्पांची बाजू पुसून टाकते. ती रसम वाढत राहिली होती. दुसऱ्या सकाळपासून ती रोज पूजा झाली की इथे येत होती. खालचा बाण दाबून एंटर मारायचं, एवढं तुम्हीच तिला कधीतरी दाखवलं होतंत. रोज एकच शब्द घालायची, लागला नाही की बंद करून उठायची. "तुझ्या बाजूला हात लावला नाहीं गे मी," असं दोनदा म्हणाली.

कळफलकाखाली कॅलेंडरची फाडलेली पानं होती. त्यांच्या पाठीवर इंग्रजी मोठ्या अक्षरांत शब्दांची यादी आणि प्रत्येकावर काट. तिचं नाव, माझं नाव, विठोबाचं नाव, तुमच्या आईचं गाव, लग्नाचा दिवस, तुमच्या पहिल्या स्कूटरचा नंबर. फक्त सगळ्यात वर लिहिलेल्या नावावर काट नव्हती. ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"हें कोण?"

"मीच. लग्नाआधींची."

आपल्यात लग्नात नवरा तबकातल्या तांदळांत अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. समोरच्या तमिळ मामी अजून यावर हसतात, चांगलं नाव असलेली मुलगी आणून तिला दुसरं नाव कशाला, म्हणतात. अम्माचं आधीचं नाव तिच्या आईबरोबर गेलं असावं, मला तरी ते चाळिसाव्या वर्षी कॅलेंडरच्या पाठीवर भेटलं. मी विचारलं, मग हे का नाही घातलंस? तिनं ती पानं माझ्या हातातून काढून घेतली आणि नीट घडी केली.

"तें नको. तेंही नव्हे म्हटलं तर मग काय राहिलं?"

अप्पा, मला तुमचा राग आला. आजवर आला नव्हता इतका. तुम्ही तिला कधी कुठल्याच नावानं हाक मारली नाहीत. घरात 'अगे', आणि पाहुणे असले की तेवढंही नाही, नुसता रिकामा टंबलर वाजवायचा. तुमचा पासवर्ड काय असणार हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आपल्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक मशीनवर तुम्ही घालायचात तोच, दुकानाची चार अक्षरं आणि एक-दोन-तीन-चार. अर्ध्या गावाला तो माहीत होता, आणि ही बाई दोन महिने त्या चौकटीपुढे बसून स्वतःला शोधत होती. मी तिला तिथल्या तिथे सांगू शकले असते. तोंड उघडलं होतं, पण निघालं एवढंच की ऊन लागलंय, पाणी दे.

पुढच्या सकाळी ती भजनाला मठात गेली तेव्हा मी तुमच्या बाजूला गेले. आत काही नव्हतं हो. ड्रायव्हरच्या फायली, मदरबोर्डांचे फोटो, अर्धवट राहिलेला पत्त्यांचा डाव. मी पासवर्ड बदलला. कळफलकावर अक्षरं मोठी दिसत असली तरी दाबल्यावर लहानच उमटतात, म्हणून तिचं ते नाव लहान अक्षरांत ठेवलं, तिनं लिहिलं होतं त्याच स्पेलिंगनं. दुपारी जेवल्यावर म्हणाले, अम्मा, उद्या पुसतेय, राहिलेलं एक घालून टाक. ती बराच वेळ पदरानं कोरडेच हात पुसत राहिली. मग येऊन बसली आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत दाबत गेली. मी मागे उभी होते.

उघडलं. तिनं कुठल्या फायलीला हात लावला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ठेवलं होतं गे त्यांनीं." पुन्हा म्हणाली, "येवढीं वर्षं ठेवलं होतं." उठताना खुर्ची जागेवर सरकवली आणि म्हणाली, आता पूस हवं तर. संध्याकाळी समोरच्या मामींना ती स्वतःचं जुनं नाव सांगत होती, हसत होती, त्यांनी त्या नावानं हाक मारली तर लाजली.

मी अजून पुसलेलं नाही. अम्मा आता त्या खोलीत येत नाही, नेटवर्क रोज चालू असतं, आणि दुपारी मशीन सुरू करताना ते दिवे लागलेले बघून मला बरं वाटत नाही, एकटं वाटतं. तुमच्या तोंडी मी घातलेला शब्द आता या घरात तुमचाच झाला आहे, तो काढून घ्यायची सोय नाही. हा कागद कुठं जाणार नाही, वहीत घालून ठेवेन. पण एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी तुमच्या बाजूला गेले तेव्हा दुकानाचा शब्द मला पाठ होता, तरी मी तो आधी घातला नाही. आधी अम्माचं ते नाव घातलं, एंटर दाबलं आणि श्वास धरून बसले. उघडलं नाही.