बिडाचा फिल्टर

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. १४ सप्टेंबर १९७८

चि. बंडूस विमलाक्काचे पुष्कळ आशीर्वाद.

तू, मीनाक्षी आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालते, कारण तुझं पत्र हल्ली तुझ्या दाजींच्या नावाने येतं आणि त्यात फिल्टरच्या नळीची जाडी असते, माणसांची तब्येत नसते. इकडे सर्व ठीक. सर्व म्हणजे मासे. (त्यातले दोन नवीन आहेत. ते पुढे येईलच.)

दाजी निवृत्त झाले तेव्हा तू ती काचेची पेटी आणि तीन सोनेरी मासे आणून दिलेस. 'त्यांचं मन रमेल, आक्का,' म्हणालास. रमलं रे बाबा. जन्मभर कचेरीत खुर्चीवर बसले, आता पेटीसमोर खुर्ची टाकून बसतात. पण हे मासे खातात सारखे आणि घाण करतात त्याहून जास्त, म्हणून दोन-तीन दिवसांआड पाणी बदलावं लागतं. आमच्याकडे नळ पहाटे येतो आणि यांना पहाटेची हवा बाधते. मग पाणी कोण भरत असेल, तूच सांग. तू मुंबईहून ज्याचं लिहितोस तो जर्मनीतला फिल्टर म्हणे पेटीबाहेर ठेवायचा डबा असतो, त्याला मोटर असते. आमच्या फिल्टरला पातळ आणि कुंकू असतं.

मे महिन्यात बादली उचलताना माझी कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं नाही, महिनाभर सक्तीची विश्रांती. हे ऐकून यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग म्हणाले, 'माशांचं कसं व्हायचं?' तुझ्याकडे विश्रांतीला यायचं ठरलं होतं, ते तिथल्या तिथे पुढे ढकललं. आधी फिल्टर येऊ दे, मग जा. तेव्हापासून या घरात फिल्टर निवडणं चालू आहे आणि माझी कंबर ताटकळत बसली आहे.

तुझाही दोष आहेच. एकाच फिल्टरचं चित्र पाठवलं असतंस तर निकाल लागला असता, तू दोन पाठवलीस. मोठा घ्यावा तर त्याच्या ओढीने मासे काचेला चिकटतील, धाकटा घ्यावा तर गाळ तसाच राहील. रोज संध्याकाळी यावर बैठक. ज्यांच्या घरी मासा फक्त रश्शात पोहतो तेही मत देऊन जातात. (चहा मी करते. डॉक्टरांनी वाकू नको म्हटलंय आणि स्टोव्ह जमिनीवर आहे.)

शेवटी शिरोलीचे फौंड्रीवाले बाळासो आले. चित्र उलटंसुलटं करून म्हणाले, 'ह्येला जर्मनी कशाला पायजे, पंत? एक डबा न् दोन नळ्या! आठवड्यात वतून दितो की!' झालं, यांचा कोल्हापूरचा अभिमान उफाळून आला. बाळासोंनी दिला ओतून. बिडाचा. चार गड्यांनी टेम्पोतून उतरवला, आणि त्याला मोटर लावली ती उसाच्या चरकाला शोभेल अशी. बटण दाबताच दिवे मंद झाले, भिंतीवरची लक्ष्मीची तसबीर भिजली आणि मासे गरागरा फिरायला लागले. 'वढ हाय बरं का!' बाळासो कौतुकाने म्हणाले. मग लहान मोटर लावून ओढ कमी केली, तर बीड गंजायला लागलं. दोन दिवसांत पाणी गेरूसारखं झालं आणि दोन मासे पोट वर करून तरंगले.

हे त्या दिवशी जेवले नाहीत. बाळासो बिचारे तोंड पाडून म्हणाले, 'वैनी, चूक माझी हाय. बीड पाण्यात गंजतंय, ह्ये मला कळाय पायजे हुतं.' इतकं त्यांनी कबूल केल्यावर यांनी माझ्याकडे वळून चारचौघांत विचारलं, 'पाणी कुणी भरलं होतं?' बंडू, कंबर धरली तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले. (दार लावून. आवाजाने मासे बिचकतात म्हणे.)

असो. आता बैठकीत एकमत झालं आहे. मोठा जर्मन फिल्टर पाठवून दे. मुलांना आशीर्वाद, मीनाक्षीला सांग तब्येत जप.

तुझी,
विमलाक्का

ता. क. फिल्टर पाठवू नकोस. मी मंगळवारच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघते आहे, यांना अजून बोललेले नाही. बुधवारी सकाळी स्टेशनवर ये, मला पिशवीसुद्धा उचलवत नाही. पाणी भरायला मोलकरणीला, धोंडुबाईला, सांगून ठेवलंय. ती पेटीत बघून विचारत होती, 'ह्यास्नी खायाचं कवा?'

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आत यांनी पत्र मागून घेतलं. चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, आणि म्हणाले, 'जातेच आहेस तर येताना फिल्टर हातातूनच घेऊन ये. टपालात फुटायचा. आणि मोठाच आण.' तेव्हा बंडू, माझं परतीचं तिकीट काढू नकोस.