बोळातल्या डब्याचं कुलूप

३ फेब्रुवारी
परत उघडं! आठवडाही झाला नाही कुलूप लावून, आणि आज सकाळी मागच्या बोळातल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण एका बोटाने वर आलं. ओरखडा नाही. काही वाकलेलं नाही. आत कोपऱ्यावरच्या खानावळीचा ओला कचरा आणि त्यावर कुणाचीतरी फाटकी गादी. आमच्या इमारतीतली नक्की नाही — सगळ्यांच्या गाद्या मला गच्चीवर वाळताना पाठ आहेत.

हे बाहेरच्याचं काम नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

४ फेब्रुवारी
काल रागात होते. आज सगळं पहिल्यापासून मांडून बघते, म्हणजे भोक कुठे आहे ते तरी दिसेल.

नगरपालिकेला सगळ्या सामायिक डब्यांना कुलपं हवी आहेत, कारण कोणीही येतो आणि कुठेही टाकतो. वीज नको, बॅटरी नको, आणि कचरागाडीवाल्याला किल्ली द्यायची नाही. म्हणून मी वजनाचं कुलूप केलं. रहिवाशाने किल्लीने उघडायचं. झाकण आपटलं की आकडा आपोआप बसतो. गाडीने डबा उचलून उलटा केला की आतलं वजन घरंगळतं, आकडा ओढला जातो, झाकण सुटतं. बस्स. नमुना आमच्याच इमारतीच्या डब्यावर लावलाय. महिनाअखेरीस तपासनीस बघायला येणार. तोवर टिकलं तर सगळं काम आमच्या कारखान्याला. नाही टिकलं तर कारखान्याला टाळं — आणि तेही बाहेरून आणलेलं, कारण आमची कुलपं आता घेतो कोण!

सासऱ्यांनी, बाबांनी, उभा केलेला कारखाना माझ्या हातून बुडाला, हे मला ऐकायचं नाही.

६ फेब्रुवारी
तळमजल्यावरचा शिंपी. चिंध्यांचं पोतंच्या पोतं टाकतो आणि कुलूप बसल्यापासून कुरकुरतोय. नवऱ्याची पँट आखूड करायच्या निमित्ताने गेले. तो माप लिहीत होता, मी त्याची किल्ली शोधत होते. खिळ्याला लटकलेली, वर धूळ! म्हणाला, कचरा बायको टाकते, तिची किल्ली वेगळी. पँट मात्र उगीचच आखूड झाली. नवरा विचारत होता, कशाला दिलीस. सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी
किल्लीच्या भोकात निळी शाई लावली. दोन भाग एकमेकांना कुठे घासतात ते बघायला आम्ही फिटर लोक वापरतो ती. ज्याने कुणी शेवटी किल्ली घातली, त्याच्या किल्लीला निळं लागणार. आणि बोटांनाही — ती चार दिवस निघत नाही! बघतेच आता.

शाई लावली रात्री सगळ्यांचा कचरा टाकून झाल्यावर. फक्त बाबा जेवण उरकून आमची पिशवी घेऊन खाली जायचे होते. त्यांची बोटं निळी झाली तर ती मोजायची नाहीत, एवढंच.

८ फेब्रुवारी
झाकण उघडं. शाई जशीच्या तशी.

म्हणजे किल्ली घातलीच नाही! बाबांना विचारलं, रात्री खाली कुणी दिसलं का. नाही म्हणाले. किल्ली का नाही लावली, तर म्हणाले, झाकण आधीच उघडं होतं. बरोबरच आहे.

९ फेब्रुवारी
डब्याच्या मागच्या दांड्याला चुना लागलाय. भिंतीचा.

भिंतीशी नेऊन डबा चाकांवर मागे कलता केला, तिथल्या पायरीवर आडवा टेकवला — खट्! आतलं वजन घरंगळलं, झाकण सुटलं. तशीच खाली बसले मी. गाडीचा हात डबा पुरता उलटा करत नाही असं धरून वजन आडव्यालाच सुटेल असं मीच ठेवलं होतं. आणि डबा परत उभा केला की वजन जागेवर येईपर्यंत झाकण दाबून धरावं लागतं, नाहीतर आकडा बसत नाही. चोराला ते माहीत नाही किंवा त्याला धीर नाही.

पण आत वजन आहे हेच कुणाला माहीत? आम्हा चौघांना. मी. नवरा — त्याला चुकून आडवा करायचं सुचलं तरी तो आधी मला विचारेल. बाबा. आणि भावजी, माझे धाकटे दीर.

१० फेब्रुवारी
भावजी! त्यांना नंबर जुळवून उघडायचं कुलूप करायचं होतं, किल्लीच नको म्हणत होते. नगरपालिकेने माझं निवडलं तेव्हापासून नीट बोलत नाहीत. असं मला वाटतं. नवरा म्हणतो, तो आधीपासूनच कमी बोलतो.

आणि आमच्याकडची रीत अशी की बाबांनी स्वतः किल्ली फिरवून बघितल्याशिवाय कुलूप कारखान्याबाहेर जात नाही. मोठ्यातलं मोठं गिऱ्हाईक आलं तरी थांबतं. हे कुलूप झालं त्या दिवशी बाबांनी किल्ली हातात घेतली, तोच भावजी मध्ये — "द्या, मी फिरवतो." बापाचा मान बापाच्या हातातून काढून घेतला! "किल्ली फार लहान केलीस," एवढंच बाबा मला म्हणाले. मी तेव्हाच मनात गाठ मारली होती.

१३ फेब्रुवारी
दोन दिवस झाकण नीट बसलेलं. मला गाफील ठेवायला. डोळ्यांत तेल घालून बसलेय मी!

१४ फेब्रुवारी
पकडले.

सकाळी दूध आणायला जाते असं सांगून बोळात उभी राहिले. भावजी पलीकडच्या गल्लीत राहतात. आमच्या बोळात त्यांचं काय काम? आले, इकडेतिकडे बघितलं आणि दोन्ही हात डब्याच्या झाकणावर! मी पुढे झाले. चेहरा उतरला त्यांचा. म्हटलं, रोज तुम्हीच येता ना? नाकारलंसुद्धा नाही!

१५ फेब्रुवारी
कारखान्यात सगळ्यांसमोर बोलले. राहवलं नाही. म्हटलं, माझं कुलूप पाडायला घरचाच माणूस निघावा, ह्यासारखी शरम नाही. नवरा मला आवरत होता. बाबा कानस पुसत बसले होते, मान वर केली नाही — धाकट्या मुलाची लाज वाटली असणार.

भावजींनी एप्रन काढून खुंटीला लावला. "तुम्हाला मी वाटतो तर मीच, वहिनी," म्हणाले. आणि गेले. निर्लज्जपणा म्हणायचा की काय!

झोपताना मात्र आठवलं. इतकी वर्षं एका टेबलावर डबा खाल्लाय त्यांच्याबरोबर.

१९ फेब्रुवारी
वजनाच्या वाटेत खाच कोरली. आता डबा डोक्यावर उभा केल्याशिवाय वजन सुटत नाही. गाडीवाल्याकडून दोनदा उलटा करून घेतला — सुटतो. भिंतीला टेकवून, पायरीवर आडवा करून, लाथा मारून बघितलं — ढिम्म! आता आणा कुणाला आणायचं ते.

भावजी दुसरीकडे लागले म्हणे. शटर दुरुस्तीच्या दुकानात.

२४ फेब्रुवारी
एकदाही उघडं नाही. बघितलंत? भावजी गेल्यापासून एकदाही नाही. अजून काय पुरावा हवा!

नवरा माझ्याशी मोजून बोलतो. बाबा जेवण खोलीत मागतात. मी दोषी असल्यासारखं वागतात सगळे. आज ताट आणायला गेले तर बाबांनी दार अर्धंच उघडलं.

२८ फेब्रुवारी
पास! तपासनीसांनी स्वतः डबा ओढला, आडवा केला, पहार घालून बघितली. म्हणाले, "ज्याच्याकडे किल्ली नाही तो ह्यात काडीसुद्धा टाकू शकणार नाही." सगळ्या भागाचं काम आम्हाला. नवरा खूप दिवसांनी हसला.

बाबांना सांगायला गेले. "छान झालं गं," म्हणाले. दार उघडलं नाही.

२ मार्च
बाबा आंघोळीला गेले तेव्हा त्यांची खोली झाडायला घेतली. उंदीर मेल्यासारखा वास. पलंग ओढला. खाली आमच्याच घरच्या कचऱ्याच्या पिशव्या, भिंतीपर्यंत रचलेल्या.

वळले तर बाबा दारात. म्हणाले, "किल्ली फिरत नाही गं माझ्याच्यानं. बोटं ऐकत नाहीत. आधी डबा आडवा तरी करता यायचा." मग म्हणाले, "धाकट्याला मीच शपथ घातली होती, कुणाला कळू द्यायचं नाही. नंतर नंतर माझ्यामागून येऊन तो नुसतं झाकण बसवायचा."

भावजींना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "वहिनी, बाबा बरे आहेत ना?"