राजुलचं मौन

प्रिय राजेश्वरी,

तुझ्या फोनावाचून आठवडा गेला. मलाही लावायचा धीर होईना, म्हणून कागद घेतला. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात शेजारच्या खाटेवर झोपूनही आपण चिठ्ठ्या लिहायचो, तशीच ही समज. आधी गोड बातमी. काल तुझी उत्कर्षा दिवस मावळायच्या आत आमच्याकडे जेवली, आणि तिला आग्रह करकरून वाढलं ते आमच्या प्रीतीनं. हो, शाळेत जाऊन तिच्याशी भांडलेल्या माझ्या सुनेनंच.

आमच्या जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस मी सकाळच्या पूजेपासून बारापर्यंत मौन धरते, हे तुला ठाऊक आहे. यंदा पहिल्याच दिवशी आठ वर्षांच्या राजुलनं दप्तर अडकवता अडकवता विचारलं, आजी, मीपण धरू? माझं मौन सुरू झालेलं. कौतुकानं मान हलवली. पोरीनं ते इतकं मनावर घेतलं की शाळेत ओठ मिटून आणि सुटल्यावर रिक्षातूनच बडबड सुरू. तोंडी परीक्षेत शून्य. उत्कर्षा तिच्या वर्गाची बाई. बिचारीनं काळजीनं प्रगतिपुस्तकात लिहिलं, मुलगी तीन दिवस बोललेली नाही, घरी काही ताण आहे का? प्रीती बँकेतून दमून आलेली. तिला वाटलं, बोट आपल्याकडेच आहे. राजुलला विचारलं तर ती म्हणे, सांगायचं नसतं. झालं, बाईंनीच धाक घातलाय, असं ठरवून प्रीती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि नको ते बोलून आली.

परवा पर्व संपलं. काल वर्गात शिरताच राजुल उत्कर्षाला म्हणाली, “बाई, आता विचारा की तोंडी. माझं मौन सुटलं.” सगळी उत्तरं खणखणीत दिली म्हणे. उत्कर्षा इतकी हसली की तिनं तिथूनच प्रीतीला फोन लावला. प्रीतीनं तिला जेवायलाच बोलावलं. संध्याकाळी पानावर दोघी एकमेकींची माफी मागत बसल्या, आणि राजुल मध्येच सगळ्यांची ताटं संपवत होती.

आता माझं ऐक. प्रगतिपुस्तक पाहिलं त्याच संध्याकाळी मला ती हलवलेली मान आठवली होती. सुनेपुढे चूक कबूल करायची लाज वाटली. दोन दिवसांनी लेकीच्या अश्रूंनी कासावीस होऊन तू फोन केलास, तेव्हा मी वर तोंड करून म्हणाले, तुझ्या लेकीला मुलं सांभाळता येत नाहीत. आज क्षमावाणी, वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागायचा दिवस. देवळात ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांपुढे हात जोडले, पण जिच्यापुढे जोडायचे ती साताऱ्यात. शनिवारच्या पहिल्या एसटीनं येते. पत्राआधी मी पोचले, तर ते येईपर्यंत खुशाल रागावून बस, पण चहा टाक.

तुझीच, चुकलेली
त्रिशला